मागं गेलेला फायरफॉक्स

कॉम्प्युटर चालू होईना, प्रिंटर कागद गिळतोय, नेट गेलंय, असले फोन मला रोजचेच. "फायरफॉक्स मागं गेलाय" असा फोन मात्र पहिल्यांदाच आला. फायरफॉक्स म्हणजे इंटरनेट बघायचा प्रोग्रॅम, ब्राउझर.

फोन एका वकीलसाहेबांच्या कारकुनांचा होता. साठीच्या आसपासचे गृहस्थ, सगळं कोर्ट त्यांना काकाच म्हणतं. "दादा, जरा येऊन जावा. काल रात्री ज्युनिअर पोरीनं अपडेट लावलं आणि आज उघडतोय तर सगळं दोन वर्षांमागचं दिसाय लागलंय. जुनी बुकमार्कं, जुनं पासवर्ड. निकाल लागून गेलेल्या केसचं बुकमार्क पण हाय बघा त्यात."

एवढी नेमकी तक्रार सांगणारा गिऱ्हाईक विरळा. बहुतेक जण 'काहीतरी झालंय' एवढंच म्हणतात आणि मग अर्धा तास आपणच उलटतपासणी घेत बसायचं. काकांनी ते काम आधीच करून ठेवलेलं. डेटा उडाला असता तर फायरफॉक्स कोरा करकरीत उघडला असता. जुनी बुकमार्कं दिसतात, म्हणजे कुठलं तरी जुनं प्रोफाइल (बुकमार्कं, पासवर्ड ठेवायचं फोल्डर) जिवंत आहे आणि ब्राउझर त्यातच शिरलाय. एवढं डोक्यात घेऊन मी राजारामपुरीतून गाडी काढली आणि दसरा चौकातून सीपीआर हॉस्पिटलच्या दिशेला निघालो.

या ऑफिसची थोडी माहिती द्यायला हवी. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या आसपास एकदम वर्दळ वाढली. ज्या कामांसाठी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठावी लागायची ती इथं आली. साहेबांच्याकडं त्यामुळं कामाचा ढीग, त्यात ई-फायलिंगचा मोठा भाग. संगणक दोन, दोन्हीवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स. वकिलाच्या ऑफिसात लिनक्स कसं, असं लोक विचारतात. ई-कोर्ट प्रकल्पात न्यायालयांतल्या संगणकांवर उबुंटूच दिलेलं आहे, ते बघून साहेबांनी पण तेच घेतलं. व्हायरसची कटकट नाही, लायसनचे पैसे नाहीत, एवढं त्यांना पुरेसं होतं.

पोचलो तर ज्युनिअर मॅडम रडकुंडीला आलेल्या. एका अपिलाच्या मुदतीचा तो शेवटचा दिवस. अपिलाची पीडीएफ तयार, पानांवर नंबर टाकून झालेले, सह्या स्कॅन झालेल्या. ई-फायलिंगचा पासवर्ड तेवढा फक्त फायरफॉक्सला माहीत. आता समोर जो फायरफॉक्स होता तो कधीचाच बदललेला पासवर्ड भरत होता, आणि तो एक-दोनदा नाकारूनही झाला होता. पासवर्ड बदलायचा तर ओटीपी साहेबांच्या मोबाईलवर, आणि साहेब कोर्टात उभे, मोबाईल बंद.

त्यात डेस्कटॉपवरच्या 'ऑफिस' नावाच्या चिन्हानं भर घातलेली. आधीच्या एका ज्युनिअरनं साधं एचटीएमएलचं पान करून ठेवलेलं: ई-फायलिंग, रोजचं बोर्ड म्हणजे कोर्टातल्या केसची यादी, कोर्ट फी भरायची ग्रासची साइट, महाभूलेख, सगळ्या लिंका एका जागी. त्यावर टिचकी मारली की फायरफॉक्स म्हणे, फाइल सापडली नाही. मी फाइल मॅनेजर उघडला. डिस्कच्या मुळाशी 'दस्त' नावाचं फोल्डर, त्यात ते पान जागच्या जागी. टेक्स्ट एडिटरमध्ये तर झटक्यात उघडलं.

मॅडमनी हळूच सांगितलं, "पुण्याच्या माझ्या चुलत भावाला फोन केलेला. तो म्हटला फायरफॉक्स काढून टाक आणि परत घाल. घातला. तरी तसंच."

रिइन्स्टॉलचा हा सल्ला देणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. लिनक्सवर तर त्यातून सहसा काहीच साधत नाही. अॅप्टनं, म्हणजे उबुंटूत प्रोग्रॅम बसवणाऱ्या-काढणाऱ्या हत्यारानं, पॅकेज अगदी पर्ज केलं, मुळापासून काढलं, तरी होम फोल्डरमधल्या तुमच्या फायलींना ते हात लावत नाही. प्रोफाइल बिघडलं असेल तर बिघडलेलंच परत मिळतं. या ठिकाणी मात्र त्याच नियमानं आम्हाला तारलं.

मी अॅड्रेस बारमध्ये अबाऊट कोलन सपोर्ट टाकलं. हे पान फायरफॉक्सचा एक्स-रे आहे म्हणा ना. पहिल्याच तक्त्यात दोन ओळी बघायच्या: प्रोग्रॅम कुठून चाललाय आणि प्रोफाइल कुठल्या फोल्डरातलं. दोन्ही ओळींत 'स्नॅप' हा शब्द. मग टर्मिनल उघडून दोन्ही जागा तपासल्या. होममधल्या स्नॅप फोल्डरात, फायरफॉक्सच्या कॉमनमध्ये एक डॉट-मोझिला, म्हणजे प्रोफाइल ठेवायचं लपलेलं फोल्डर. थेट होममध्ये दुसरं डॉट-मोझिला. इतिहास आणि बुकमार्कं ज्या फाइलीत असतात ती प्लेसेस डॉट एसक्यूलाइट दोन्हीकडं होती. स्नॅपमधली जेमतेम पाच एमबीची, म्हणजे नव्या प्रोफाइलची जेवढी असते तेवढीच. होममधली तिच्या कैक पट मोठी, आणि शेवटची तारीख-वेळ काल संध्याकाळची. शेजारी 'लॉक' नावाची एक लिंक लोंबकळत होती. तिचं टोक खऱ्या फाइलीकडं जात नाही, त्यात फक्त मशीनचा आयपी आणि चालू प्रोसेसचा नंबर लिहिलेला असतो. फायरफॉक्स नीट बंद झाला की ती पुसली जाते. ती तशीच राहिलेली म्हणजे काल ब्राउझर उघडा ठेवूनच अपग्रेड लावलेलं.

"गेलेलं नाही काही," मी म्हटलं. मॅडमचा विश्वास बसला नाही. काकांनी चहा सांगितला.

झालं होतं ते असं. मशीन आलं तेव्हा त्यावर उबुंटू २२.०४ होतं, आणि २२.०४ पासून उबुंटूत फायरफॉक्स फक्त स्नॅपच्या रूपात येतो. स्नॅप म्हणजे कुंपणात चालणारा प्रोग्रॅम. त्याला होम दिसतं, मीडिया आणि माउंटमधल्या डिस्का दिसतात, पण डिस्कच्या मुळाशी कुणी 'दस्त' नावाचं फोल्डर केलं तर त्याच्या लेखी ते अस्तित्वातच नसतं. सुरक्षेच्या दृष्टीनं ही व्यवस्था चांगली आहे, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. या ऑफिसचा सगळा कारभार मात्र त्या फोल्डरात. म्हणून २०२४ च्या सुरुवातीला, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं १२२ पासून त्याच्या स्थिर आवृत्तीचं डेब पॅकेज (कुंपणाबाहेरचा साधा प्रोग्रॅम) स्वतःच्या भांडारातून, म्हणजे नेटवरच्या साठ्यातून, द्यायला सुरुवात केल्यावर, आधीच्या कुणा टेक्निशियननं ते भांडार जोडून डेबवाला फायरफॉक्स बसवला. स्नॅपवाला काढला नाही. तो आपला मागं पडून राहिला, स्नॅपच्या रिवाजाप्रमाणं स्वतःला अपडेट करत. त्याचं प्रोफाइल मात्र ज्या दिवशी त्याला सोडलं त्या दिवशीच थांबलेलं.

काल २४.०४ चं अपग्रेड लागलं. मोठं अपग्रेड करताना उबुंटू बाहेरची सगळी भांडारं बंद करतं, आणि तसं सांगणारी खिडकीही दाखवतं. मॅडमनी ती बंद केली. कुणीही केली असती. मोझिलाचं भांडार बंद झाल्यावर अॅप्टला 'फायरफॉक्स' नावाचं एकच पॅकेज दिसायला लागलं, उबुंटूचं. ते पॅकेज म्हणजे नुसती पाटी आहे: स्नॅपकडं जा. आणि ही पाटी खऱ्या फायरफॉक्सपेक्षा कायम 'नवी' ठरते, कारण तिच्या आवृत्तीच्या सुरुवातीला एक आणि कोलन लावलेलं आहे. डेबियनच्या पद्धतीत कोलनच्या आधीचा आकडा सगळ्यात आधी बघतात. तो नसला तर शून्य धरतात. मोझिलाची आवृत्ती शंभरी ओलांडून कितीही पुढं गेली तरी एकापुढं शून्य ते शून्यच. त्यामुळं अॅप्टनं खरा फायरफॉक्स काढून पाटी बसवली, पाटीनं स्नॅपकडं बोट दाखवलं, आणि स्नॅपनं त्याचं जुनं प्रोफाइल उघडलं. ते नसतंच तर स्नॅपनं पहिल्यांदा चालू होताना होममधलं प्रोफाइल आपणहून उचललं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. चुलत भावाच्या सांगण्यावरून परत घातला तोही पाटीवालाच.

काकांना मी हे त्यांच्या कपाटावरून सांगितलं. एकाच अशिलाची दोन बंडलं आहेत, नाव तेच. चालू बंडल खालच्या कप्प्यात. नव्या शिपायानं वरच्या कप्प्यातलं जुनं काढून टेबलावर ठेवलंय.

"मग खालचं काढून द्या की वं!" काका म्हणाले.

आधी दोन्ही डॉट-मोझिला पेनड्राइव्हवर उतरवली, फायरफॉक्स पूर्ण बंद करून. पासवर्डसाठी दोन फायली लागतात, लॉगिन्स डॉट जेसन आणि की-फोर डॉट डीबी. एकात कुलूपबंद पासवर्ड, दुसऱ्यात किल्ली. नुसती एक वाचवून उपयोग नाही, म्हणून मी अख्खं फोल्डरच घेतो. मग सोर्सेसमध्ये, म्हणजे भांडारांच्या यादीत, मोझिलाची बंद केलेली ओळ चालू केली, अॅप्ट अपडेट मारलं. त्या भांडाराला हजार प्राधान्य देणारी पिनची फाइल प्रेफरन्सेसमध्ये शाबूत होती, अपग्रेडनं तिला धक्का लावला नव्हता. हजार किंवा वर प्राधान्य असलं की अॅप्ट 'खालच्या' आवृत्तीवर उतरायलाही राजी होतं. त्यानं इन्स्टॉलच्या आधी ठळक अक्षरांत विचारलंच: फायरफॉक्स डाउनग्रेड होणार, चालेल का?

मॅडम मागून ओरडल्या, "नको नको, अजून मागं जाईल!"

कोलनचं सगळं पुराण परत सांगायला वेळ नव्हता. "जाऊ दे," म्हटलं आणि वाय दाबलं.

इन्स्टॉल झालं. डाव्या पट्टीतल्या फायरफॉक्सच्या चिन्हावर टिचकी मारली आणि पुन्हा तीच दोन वर्षांपूर्वीची बुकमार्कं. मॅडम खुर्चीत बसल्या. माझ्याही पोटात क्षणभर गोळा आला, खोटं कशाला बोला. परत अबाऊट कोलन सपोर्ट. प्रोग्रॅमचा पत्ता स्नॅपचाच. म्हणजे पॅकेज बरोबर बसलंय, पण पट्टीवर टाचलेलं चिन्ह स्नॅपचं होतं. ते काढलं, अॅप्लिकेशनच्या यादीत शोधलं तर एकसारखे दोन कोल्हे शेजारी-शेजारी. आता कुठला खरा, असं काकांनी विचारायच्या आत मी टर्मिनलवरनंच नुसतं फायरफॉक्स लिहून एंटर मारलं. तिथं यूएसआर-बिन, डेबवाल्याचं फोल्डर, आधी लागतं, स्नॅप नंतर.

खिडकी उघडली ती कालचे सगळे टॅब घेऊनच. ब्राउझर अर्धवट मेला होता ना, त्यानं मागचं सत्र आपोआप उभं केलं. ई-फायलिंगचं पान, बोर्ड, मधेच एका साडीच्या दुकानाचं पान. मॅडमनी ते शेवटचं घाईघाईत बंद केलं. लॉगिनच्या चौकटीत काळे ठिपके आपसूक भरले. प्रोफाइल कुठलं वापरायचं हे फायरफॉक्स प्रोग्रॅमच्या जागेवरून ठरवतो, ही पद्धत २०१९ च्या ६७ आवृत्तीपासूनची. डेब पूर्वीच्याच जागी, यूएसआर-लिब-फायरफॉक्समध्ये बसला, म्हणून प्रोफाइल मॅनेजर उघडायची वेळच आली नाही. 'ऑफिस'चं पानही उघडलं.

पुढची वीसेक मिनिटं मी नुसता चहा पीत बसलो. अपील चढलं, पोचपावतीचा नंबर आला, काकांनी तो आधी डायरीत हातानं लिहिला आणि मग प्रिंट काढली. साहेबांचा फोन आला तेव्हा काका एवढंच म्हणाले, "दाखल झालं साहेब. नाही, काही नाही, नेट जरा हळू होतं."

"आता तो दुसरा कोल्हा काढून टाका," मॅडम म्हणाल्या. मी नाही म्हटलं. महिनाभर राहू दे, त्यात एखादा जुना पासवर्ड अडकला असला तर कळेल. चिन्ह तेवढं यादीतून लपवलं, म्हणजे चुकून उघडायला नको. स्नॅप काढतानाही पर्ज लावला नाही तर तो डेटाची प्रत करून ३१ दिवस सांभाळतो, पण त्या प्रतीच्या भरवशावर मी वकिलाचं ऑफिस सोडणार नाही.

दुसऱ्या संगणकावरही अपग्रेडची खिडकी येऊन थांबलेली होती, उत्तराची वाट बघत. तिथं बसून प्रेफरन्सेसमध्ये अजून एक फाइल लिहिली: उबुंटूच्या भांडारातल्या फायरफॉक्सला प्राधान्य उणे एक. उणे असलं की अॅप्ट ते पॅकेज घेतच नाही, पाटी कितीही नवी असू दे. तीच फाइल पहिल्या मशीनवर पण टाकली. अपग्रेड शनिवारी लावा म्हटलं, संध्याकाळी, फायरफॉक्स बंद करून, आणि झाल्यावर मला फोन करा.

"आणि पैसं?" काकांनी विचारलं.

आकडा सांगितला. त्यांनी नेहमीप्रमाणं त्यातले शंभर कमी केले.