चित्रकार की कवयित्री? एतेल अदनान यांच्याबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून

एतेल अदनान यांच्याबद्दल मी कुठेही बोलले की शेवटी एक हात वर होतोच. शब्द बदलतात, प्रश्न तोच. "पण या बाई मुळात कोण? चित्रकार की कवयित्री?" त्यालाच जोडून पुष्कळदा दुसरा येतो, "आणि कुठल्या म्हणायच्या? लेबनॉनच्या, अमेरिकेच्या की फ्रान्सच्या?" विचारणाऱ्याच्या मनात आणखीही एक शंका असते, ती संकोचामुळे बोलली जात नाही. कविता, कादंबरी, निबंध, पत्रकारिता, तैलचित्रं, घडीची पुस्तकं, भिंतीवर लावायचे विणलेले पट, थोडं चित्रीकरण. एवढा सगळा पसारा म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या तर नव्हेत?

मी स्वतः लिहिते आणि चित्रंही काढते, म्हणून ही शंका मला परकी नाही. तरीही एतेलबाईंच्या बाबतीत ती साफ चुकीची आहे असं मला वाटतं. एक माध्यम बाजूला ठेवून त्यांनी दुसरं हाती घेतलं ते हौसेपोटी नव्हे. दर वेळी एखादी वाट बंद झालेली होती, किंवा त्यांनी ती स्वतःहून बंद केली होती. सांगायचं मात्र थांबणार नव्हतं.

सुरुवात घरापासूनच करावी लागते. त्यांचा जन्म बैरुतचा, १९२५ मधला. वडील दमास्कसचे मुसलमान, ऑटोमन सैन्यातले अधिकारी. आई स्मिर्नाची, म्हणजे आजच्या इझमीरची, ग्रीक ख्रिस्ती. पहिल्या महायुद्धानंतर वडिलांचं साम्राज्यच उरलं नाही आणि १९२२ मध्ये आईचं शहर जळालं. म्हणजे एतेल जन्मल्या तेव्हा आईबाप दोघंही आधीच उखडलेले होते. आईशी ग्रीक, आईवडिलांची आपसांत तुर्की, रस्त्यावर अरबी आणि शाळा फ्रेंच जोगिणींची. त्या शाळेत अरबी बोललं की शिक्षा व्हायची. आपल्याच गावात, आपल्याच गल्लीत जी भाषा कानावर पडते ती तोंडातून निघाली तर अपराध, हे त्या मुलीने लहानपणीच पाहिलं. मला स्थलांतराची खरी सुरुवात इथे दिसते. पासपोर्ट आणि बोटी पुढच्या गोष्टी.

वडिलांना हे बोचत असणार. मुलीला अरबी यावी म्हणून त्यांनी तिला एका जुन्या अरबी-तुर्की व्याकरणाची पानं उतरवून काढायला बसवलं. तिला त्यातलं फारसं कळत नव्हतं. ती नुसती अक्षरं काढत राहिली, आणि त्यात रमली. मोडी वाचता न येणाऱ्याने पणजोबांचं पत्र समोर ठेवून वळण न् वळण गिरवत बसावं, तसं ते होतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढचा प्रवास भरभर सांगते. १९४९ मध्ये त्या पॅरिसला सोरबोनमध्ये तत्त्वज्ञान शिकायला गेल्या. १९५५ मध्ये अमेरिकेत, बर्कली आणि हार्वर्डमध्ये. १९५८ पासून कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेलच्या डॉमिनिकन कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवू लागल्या आणि १९७२ पर्यंत तिथेच होत्या. कलावंताच्या चरित्रात नोकरी एका ओळीत उरकतात, तशी मीही उरकली. पण चौदा वर्षांचा नियमित पगार ही लहान गोष्ट नाही. त्या काळातली त्यांची चित्रं विकण्यासाठी घडलेली नाहीत हे ती पाहताना जाणवतं, आणि त्यामागे हा पगार आहे.

याच वर्षांत पहिली वाट बंद झाली. १९५४ पासून अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं होतं. एतेलबाईंची लिहिण्याची भाषा फ्रेंच. तरुणपणच्या कविता फ्रेंचमध्ये, सगळं वाचन फ्रेंचमध्ये. आणि अल्जीरियात गोळ्या झाडणारं सरकारही फ्रेंच. या भाषेत आता लिहिणं म्हणजे कुणाची बाजू घेणं, हा प्रश्न त्यांना झोंबला. अरबीत लिहावं तर ती बोलण्यापुरतीच येत होती. लिहिणाऱ्याच्या हातून भाषाच निसटावी, यापेक्षा मोठी कोंडी मला तरी सुचत नाही.

त्या कॉलेजच्या कला विभागाच्या प्रमुख अॅन ओहॅनलन यांनी त्यांना एकदा विचारलं, तुम्ही कलेचं तत्त्वज्ञान शिकवता, मग स्वतः चित्र का काढत नाही? एतेल म्हणाल्या, माझे हात वेंधळे आहेत असं आई म्हणायची. त्यावर ओहॅनलन यांचा प्रश्न होता, आणि तुम्ही ते खरं मानलंत? हा किस्सा एतेलबाईंनीच मुलाखतींत सांगितलेला आहे. त्या चित्रं काढू लागल्या तेव्हा पस्तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. आपण आता अरबीत रंगवणार, असं त्यांनी नंतर लिहिलं. मला हे वाक्य अतिशय नेमकं वाटतं. जी भाषा शाळेने तोंडातून काढून घेतली, ती हाताने परत मिळवायची होती.

ती चित्रं प्रत्यक्ष पाहिली तेव्हा मी पहिल्यांदा चकित झाले ती आकाराने. छापील पुस्तकात पाहून मोठाली वाटलेली चित्रं भिंतीवर जेमतेम वहीच्या उघड्या पानाएवढी होती. त्या कॅनव्हास टेबलावर आडवा ठेवायच्या, नळीतला रंग तसाच बाहेर काढायच्या आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंग लावायच्या पातळ सुरीने, एका दमात पसरायच्या. ब्रश नाही. जवळ गेलं की पातीची कड जिथे उचलली गेली तिथे रंगाची बारीक धार उभी राहिलेली दिसते. पुष्कळ चित्रांत कुठेतरी एक लाल चौकोन असतो, त्यापासून सुरुवात करून बाकीचे रंग त्याच्याभोवती लागलेले असतात. पिवळ्याच्या शेजारी गुलाबी, गुलाबीच्या खाली ओला हिरवा. एकही रंग दुसऱ्यात मिसळून मळलेला नाही. चुकलं तर झाकायची सोय या पद्धतीत फारशी नाही, आणि बसल्या बैठकीत चित्र संपवायचं म्हटल्यावर उद्यावर ढकलण्याचीही नाही. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या चित्रांत स्पष्टीकरण शोधायला मी गेले होते. तिथे ते नव्हतं, आणि बरंच झालं.

मग व्हिएतनामचं युद्ध आलं. अमेरिकेतले कवी युद्धाविरुद्ध लिहीत होते, आणि साठच्या दशकाच्या मध्यावर एतेलबाईही इंग्रजीत कविता लिहू लागल्या. म्हणजे इंग्रजी कवयित्री म्हणून त्या जन्मल्या त्या निषेधातून. अल्जीरियाने एक भाषा अडवली आणि व्हिएतनामने दुसरी उघडली. चित्रकला त्यामुळे संपली नाही, ती शेजारी चालूच राहिली.

त्याच दशकात त्यांना लेपोरेलो सापडला. हे जपानी पद्धतीचं घडीचं पुस्तक असतं. कागदाची लांब पट्टी पंख्यासारखी घड्या घालून पुठ्ठ्याच्या दोन आवरणांत बसवलेली. बंद केलं की हातात मावतं, उलगडलं की टेबल ओलांडून जातं. अशा पुस्तकांत त्यांनी समकालीन अरबी कवींच्या कविता स्वतःच्या हाताने उतरवल्या आणि जलरंगांत, शाईत त्यांच्याभोवती चित्रं काढली. इराकचे कवी बद्र शाकिर अल-सय्याब त्यांतले एक. हे सुलेखन नव्हे. सुलेखनकाराचं वळण नियमांत बसतं, यांचं अक्षर शाळकरी मुलीसारखं डगमगतं, कुठे मोठं होतं, कुठे रंगाच्या डागाखाली सरकतं. वडिलांच्या टेबलाशी बसून अर्धवट कळलेली पानं उतरवणारी मुलगी इथे पुन्हा कामाला लागलेली आहे, आता पूर्ण स्वेच्छेने.

मी एकदा त्यातली एक ओळ पेन्सिलने उतरवून पाहिली. मला अरबी वाचता येत नाही. उजवीकडून डावीकडे जाताना हात अडखळतो, कुठलं अक्षर कुठे संपलं ते कळत नाही, टिंब आधी द्यायचं की नंतर तेही नाही. पण नजर इतकी सावध होते की वाचता येणाऱ्या लिपीत ती तशी कधीच होत नाही. तेव्हापासून ही पुस्तकं लिखाण की चित्रं, हा वाद माझ्यापुरता मिटला. एकाच हाताने, एकाच बैठकीत दोन्ही चाललेलं आहे.

१९७२ मध्ये त्या बैरुतला परतल्या आणि तिथल्या एका फ्रेंच भाषेतल्या दैनिकाचं सांस्कृतिक पान पाहू लागल्या. फ्रेंचशी फारकत कायमची नव्हती, हेही सांगायला हवं, नाहीतर मी गोष्ट सोयीची करून सांगितली असं होईल. तिथेच त्यांची सिमोन फत्तल यांच्याशी भेट झाली आणि ती सोबत आयुष्यभराची ठरली. १९७५ मध्ये यादवी सुरू झाली. मारी रोज बुलोस नावाच्या एका ख्रिस्ती बाईंनी पॅलेस्टिनी निर्वासितांची बाजू घेतली म्हणून ख्रिस्ती सशस्त्र गटाने त्यांना पळवलं आणि मारलं. ही बातमी एतेलबाईंच्या आत जाऊन बसली. त्यातून 'सित् मारी रोज' ही कादंबरी झाली, फ्रेंचमध्ये आणि झपाट्याने लिहिलेली. कादंबरीत मूकबधिर मुलांच्या शाळेत त्या बाईला धरून आणतात आणि तिचे विद्यार्थी सगळं पाहतात. मारणाऱ्यांनाही बोलू दिलेलं आहे, त्यांची भाषा, त्यांचा अहंकार, शिकारीच्या गप्पा. हे चित्रात झालं नसतं. इथे माणसांची नावं हवी होती, कुणी काय म्हटलं ते हवं होतं.

त्याच युद्धातली 'द अरब अपोकॅलिप्स' ही ५९ कवितांची मालिका मात्र उलट टोकाची. सुरुवात सूर्याच्या कवितेने झाली, पिवळा सूर्य, हिरवा सूर्य, लाल सूर्य. युद्ध आलं आणि कविता त्यात ओढली गेली. ओळ चालता चालता मध्येच शब्द थांबतो आणि तिथे हाताने काढलेलं चिन्ह येतं, बाण, वर्तुळ, खरडलेली रेघ, पुन्हा शब्द. मूळ फ्रेंच पुस्तक १९८० मध्ये आलं आणि इंग्रजी त्यांनी स्वतःच केलं, तेही चिन्हं तशीच ठेवून. एकीकडे साक्षीदाराची तपशीलवार जबानी आणि दुसरीकडे बोलणंच तुटलेलं. दोन्ही एकाच बाईने, एकाच युद्धावर लिहिलेलं आहे. एकाच माध्यमाला चिकटून राहायचा हट्ट असता तर यातलं एक तरी आपल्याला मिळालं नसतं.

मग पुन्हा कॅलिफोर्निया, सॉसालिटो. खिडकीतून तमालपाइस दिसायचा. उंची फक्त ७८४ मीटर. आयुष्यात भेटलेली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती कोण, असं विचारल्यावर त्यांनी एका डोंगराचं नाव घेतलं होतं. तो हा डोंगर. वर्षानुवर्षं त्यांनी तो रंगवला, आणि १९८६ मध्ये त्याच्यावर आणि चित्र काढण्यावर एक छोटं पुस्तक प्रसिद्ध केलं. म्हातारपणी पॅरिसमध्ये राहत असतानाही तो त्यांच्या चित्रांत येतच राहिला, खिडकीत नसताना. 'कुठल्या?' या प्रश्नाला मी याच्याहून सरळ उत्तर देऊ शकत नाही. पासपोर्टाचं उत्तर वेगळं असेल. पण माणूस ज्या डोंगराकडे इतकी वर्षं बघतो, तो त्याचा होत असावा.

सिमोन फत्तल यांच्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगते. त्या चित्रकार होत्या. लेबनॉन सोडल्यावर त्यांनी चित्रकला थांबवली, १९८२ मध्ये सॉसालिटोत 'पोस्ट-अपोलो प्रेस' हे छोटं प्रकाशन सुरू केलं आणि 'सित् मारी रोज' इंग्रजीत आणली. पुढे त्या मातीच्या शिल्पांकडे वळल्या. एतेलबाईंची पुस्तकं इंग्रजी वाचकाच्या हाती राहिली त्यात या घरगुती प्रकाशनाचा वाटा फार मोठा आहे. चिन्हांनी भरलेल्या कविता छापणं किती खटपटीचं असेल, ते छपाईची कामं केलेल्यांनाच कळेल.

२०१२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डोक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात चित्रं लागली आणि कलाजगताला त्या एकदम 'सापडल्या'. वय ८७. ही कथा वर्तमानपत्रांना आवडते, मला नाही. अरब जगात त्या कितीतरी आधीपासून लेखिका म्हणून माहीत होत्या. न पाहणाऱ्यांचं न पाहणं कलावंताच्या चरित्रातला चमत्कार म्हणून का सांगायचं? त्यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं की ट्युनिशियाचे कवी खालिद नज्जार यांचं एक पोस्टकार्ड २००३ मध्ये आलं आणि त्याला उत्तर म्हणून त्या पुन्हा फ्रेंचमध्ये कविता लिहू लागल्या. 'टाइम' या नावाने सेरा रिग्ज यांनी त्या इंग्रजीत आणल्या आणि त्या पुस्तकाला २०२० चा ग्रिफिन हा कवितेचा पुरस्कार मिळाला. रागाने दूर लोटलेल्या भाषेत, ऐंशीच्या घरात आल्यावर, एका अरब मित्राला लिहिलेली उत्तरं. नोव्हेंबर २०२१ मध्ये पॅरिसला त्या गेल्या तेव्हा न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन चालू होतं.

प्रश्नोत्तरं संपल्यावर कुणीतरी जवळ येऊन हळूच विचारतं, सुरुवात कशाने करू? डोंगरावरच्या पुस्तकाने करा, ते लहान आहे, आणि वाचताना त्यांची त्या डोंगराची चित्रं शेजारी उघडी ठेवा. मग 'सित् मारी रोज', शक्यतो सलग. 'द अरब अपोकॅलिप्स' शेवटी आणि मोठ्याने वाचा. चिन्हं आली की ती सजावट समजून ओलांडू नका, तिथे थांबा. छापील पुस्तकच घ्या. मोबाइलच्या पडद्यावर ओळी तुटतात आणि चिन्हं जागची हलतात.