क्रॅश म्हणजे नक्की काय झालं?

मागच्या रविवारी सकाळी धाकट्या भावाचा फॅमिली ग्रुपवर मेसेज आला, 'काल उशीर झाला, मित्राकडेच क्रॅश झालो'. तो रोज बाईक चालवतो. आईने वाचलं आणि तिचा चेहराच उतरला, मला हाक मारायची तर आवाज फुटेना. मी म्हटलं अगं झोपला तिथेच, एवढंच म्हणायचंय त्याला, पण फोनवर त्याचा आवाज ऐकेपर्यंत ती खुर्चीतून उठली नाही.

तेव्हापासून हा शब्द डोक्यात घोळतोय. मुळात तो आवाजाचा शब्द, आपलं धाडकन, धडाम असतं ना तसा. पण इंग्रजीत त्याच एका आवाजावर सगळं भागवतात. आपल्याकडे गाडी धडकते, विमान कोसळतं, सेन्सेक्स आपटतो. 23 मार्च 2020 ला लॉकडाऊनच्या भीतीने तो एका दिवसात 3,934 अंकांनी आपटला होता, म्हणजे 13 टक्क्यांहून जास्त. 'आपटला' मला फार नेमका वाटतो, कुणीतरी उचलून खाली टाकल्यासारखा.

कॉम्प्युटरचं तर अजून वेगळंच. जुन्या, फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कमध्ये खरोखर आदळाआपट होते. चकती मिनिटाला 5,400 नाहीतर 7,200 फेरे मारत असते आणि वाचणारं हेड तिच्यावर जेमतेम काही नॅनोमीटर तरंगत असतं, आपल्या केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतर ते, मग डिस्क चालू असताना जोरात धक्का बसला की हेड चकतीला टेकतं, वरचा चुंबकीय थर खरवडला जातो आणि तिथला डेटा कायमचा जातो. ह्याला हेड क्रॅश म्हणतात. ॲप क्रॅश होतं तेव्हा मात्र कुठेच काही आदळत नाही, बऱ्याचदा प्रोग्रॅम त्याच्या वाट्याची नसलेली मेमरी वापरायला जातो आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्याला तिथेच बंद करते. त्याला आपलं 'बंद पडलं' जास्त बरोबर आहे.

सीईटीचा क्रॅश कोर्स, क्रॅश डाएट, हे नुसते घाईचे. पण हॉस्पिटलमधली क्रॅश कार्ट म्हणजे पेशंटचं हृदय थांबलं तर पळवत आणायची ट्रॉली, औषधं आणि शॉक द्यायचं मशीन सगळं तिच्यावर तयार. म्हणजे एकच शब्द मित्राच्या सोफ्यावर झोपण्याला पण आणि ह्याला पण! आईने घाबरू नये तर काय करावं?

भावाला मी सांगितलं, मित्रांशी बोलताना काय ते बोल, आईला लिहिताना 'मुक्काम' लिही. किती चांगला शब्द आहे आपल्याकडे, त्यात रात्र आली, छप्पर आलं, सकाळी परत निघणं पण आलं.

काल रात्री त्याचा मेसेज होता, 'आज मुक्काम मित्राकडे'. आईने लगेच विचारलं, जेवलास का.