खाडीच्या चिखलात काय साठते : वेंगुर्ल्याच्या कांदळवनातील एक सकाळ

नोव्हेंबरमधल्या एका सकाळी कोकणकन्येने कुडाळला उतरलो आणि तिथून एसटीने वेंगुर्ले गाठले. इथल्या मांडवी खाडीत महिला बचत गटातील स्त्रिया स्वतः होडी वल्हवत कांदळवन, म्हणजे खारफुटीचे जंगल, दाखवतात, एवढे ऐकून होतो. ‘झाडे कर्ब शोषतात’ हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा खरडले आहे की, शोषलेला कर्ब, म्हणजे कार्बन, पुढे जातो कुठे, हे एकदा जवळून पाहावे असे वाटत होते.

ओहोटी लागली होती. होडीत आम्ही चौघे आणि वल्ह्यावर पन्नाशीच्या एक काकी. इंजिन नसल्यामुळे वल्ह्यावरून निथळणाऱ्या पाण्याचा आवाजही ऐकू येत होता. काकींनी होडी तिवराच्या फांदीखाली घेतली आणि पान चाटून पाहायला सांगितले. ते चक्क खारट होते. तिवर खाऱ्या पाण्यावर जगते आणि शरीरातले जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते. पुढे कांदळाच्या फांद्यांना शेवग्याच्या शेंगांसारखे काहीतरी लोंबत होते. त्या शेंगा नव्हेत, तर झाडावरच रुजलेली रोपे, गळून चिखलात उभी रुतायला तयार असलेली. महाराष्ट्राने 2020 मध्ये ज्या पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला, तिची फुले रात्री उमलतात. आम्हाला पाण्यावर तरंगणारे तिचे पांढरे केसर तेवढे दिसले.

छायाचित्राच्या हौसेपायी मी काठावर पाय ठेवला आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. पाय कसाबसा निघाला, सँडल मात्र काकींनी वल्ह्याने उकरून काढली. त्याबरोबर सडक्या अंड्यासारखा वास आला. तिवराच्या पेन्सिलीसारख्या वर आलेल्या मुळांकडे बोट दाखवून काकी म्हणाल्या, “चिखलात वारो गावना नाय, म्हणान मुळां वर येतत श्वास घेवक.”

मला हवे ते उत्तर त्यांच्या या वाक्यातच होते. डोंगरावरच्या रानात गळलेले पान बुरशी, वाळवी आणि जिवाणू थोड्याच काळात संपवतात, आणि त्यातला बराचसा कर्ब पुन्हा हवेत जातो. भरतीच्या पाण्याने सतत भिजलेल्या या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच, त्यामुळे पाने आणि मुळे अर्धवट कुजून तशीच राहतात. त्यांवर दर भरतीला गाळाचा नवा थर बसतो आणि शतकानुशतकांचा साठा खाली दबत जातो. खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणाऱ्या ज्या जिवाणूंमुळे तो वास येतो, तेच मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या तोंडचा घास पळवतात, म्हणून गोड्या पाण्याच्या दलदलीच्या मानाने खाऱ्या दलदलीतून मिथेनही कमी सुटतो. नाक दाबून धरावे असा तो वास हा मुद्देमाल जागच्या जागी असल्याचा पुरावाच म्हणायचा.

कांदळवनात दर हेक्टरी साठणारा कर्ब जमिनीवरच्या अनेक जंगलांच्या काही पट असतो आणि त्यातला मोठा वाटा झाडांत नसून मातीत असतो, हे वाचलेले होते. गुडघाभर आत गेल्यावर ते पटले. 2021 च्या वन सर्वेक्षण अहवालानुसार महाराष्ट्रात कांदळवन होते 324 चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याच्या नकाशावर किनाऱ्यालगतची एक बारीकशी रेघ. राज्याने 2012 मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला, 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या नाशाला बंदी घातली, 2023 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लागवडीसाठी ‘मिष्टी’ योजना जाहीर झाली. लागवडीला माझा विरोध नाही. पण ‘इथे तोडले, तिथे लावले’ हा हिशेब मला खोटा वाटतो. भराव टाकून किंवा पाणी अडवून चिखल सुकवला की त्यात हवा शिरते, थांबलेले कुजणे पुन्हा सुरू होते आणि एका किलो कर्बामागे साधारण 3.67 किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. दुसरीकडे लावलेल्या रोपाखाली तेवढा चिखल तयार व्हायला किती पिढ्या लागतील?

परतताना काठावर दोन पानांचे एक कांदळाचे रोप ताठ उभे दिसले. मी विचारण्याआधीच काकींनी सांगितले, “ह्यां आमी लावलेला नाय, आपसूक इला.” त्याच्या बुडाशी एक कुर्ली बिळातून माती बाहेर लोटत होती. होडी जवळ येताच ती आत पळाली.

संध्याकाळच्या बसमधून वाटेतली आणखी एक खाडी दिसली. तिच्या एका अंगाला लाल मातीचा ताजा भराव होता, त्याच्या कडेला शोभेची झाडे लावून त्यांना हिरव्या जाळ्या गुंडाळल्या होत्या. बस वळेपर्यंत मोजली, सतरा भरली.