आयर्विनचे ४५ फूट आणि आमचा फूट : माझा अनुभव

सांगलीत पावसाळ्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न, "किती झालं?" म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतंय. मलाही पाठ होतं, तरी २०१९ ला माझं वह्या-पुस्तकांचं दुकान माळ्यासकट बुडालं. त्यानंतर आम्ही काय काय केलं ते लिहितोय, नदीकाठी दुकान असलेल्या कुणाला तरी उपयोग व्हावा हीच मनापासून इच्छा.

२०१९ ला आमचा सगळा भरवसा २००५ च्या खुणेवर होता. तेव्हा पाणी ५३ च्या वर गेलं होतं आणि ती रेघ दुकानाच्या भिंतीवर अजून दिसायची. माझे वडील, शेजारचे काका, सगळे म्हणायचे की याच्या वर काय येत नाही, म्हणून आम्ही दोघा भावांनी रात्रभर खपून सगळा माल रेघेच्या वर माळ्यावर चढवला आणि निवांत झालो, आणि पाणी गेलं ५७ च्या वर. दहा-बारा दिवसांनी शटर उघडायला गेलो तर उघडेना, कारण वह्यांचे गठ्ठे भिजून इतके फुगले होते की रॅकचे पत्रे वाकून शटरवर आले होते. शेवटी गॅस कटरनं शटर कापलं. आतला तो गाळाचा आणि कुजलेल्या कागदाचा वास अजून आठवतो.

मग इन्शुरन्स. पॉलिसी होती, हप्ते वेळेवर भरलेले. सर्व्हेअर आला, फोटो काढले, आणि महिन्याभरानं कळलं की आमच्या पॉलिसीतून पूर-वादळाचा भाग वगळलेला आहे. प्रीमियम थोडा कमी बसावा म्हणून काढताना तसं केलं होतं, आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही वाचलं नाही. एक रुपया मिळाला नाही. म्हणून हात जोडून सांगतो, आजच पॉलिसी काढून बघा, त्यात 'एसटीएफआय' म्हणजे वादळ, पूर, पाणी शिरणं हे कव्हर आहे का ते एजंटकडून लेखी घ्या, आणि माल दहा लाखांचा असताना विमा पाच लाखांचा ठेवू नका, नुकसान अर्धं झालं तरी भरपाई त्याच प्रमाणात कापली जाऊ शकते. आता छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी असते, १ एप्रिल २०२१ पासून आलेली, आम्ही तीच घेतली. आणि दर महिन्याच्या १ तारखेला पोरगी मोबाईलवर सगळ्या रॅकचे फोटो काढून ड्राइव्हला टाकते, बिलंही तिथंच, कारण २०१९ ला सगळी खरेदीची बिलं मालाबरोबर भिजली आणि हिशोब दाखवायला जीएसटी पोर्टलवरून आकडे काढत बसावं लागलं.

पण खरा फरक पडला तो फुटामुळं. बायकोनं पुराच्या दिवसात भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ आणि फूट लिहून ठेवलं होतं, त्यावरून कळलं की आमच्या उंबऱ्याला पाणी लागतं तेव्हा आयर्विनला ४६ असतं. मग मे महिन्यात एका रविवारी दुकान खरंच रिकामं करून बघितलं. चार माणसं, एक टेम्पो, कुपवाडला मित्राच्या गोडाऊनला दोन खेपा, जिना अरुंद त्यामुळं वेळ लागला, एकूण नऊ तास. पाणी वाईटात वाईट तासाला फूटभर चढतंय असं धरलं तर ३७ ला सुरुवात करायला पाहिजे, त्यात रात्रीची वेळ, लाईट गेलेली असणार, म्हणून आम्ही ३५ ठरवलं. आमचा फूट ३५, म्हणजे आयर्विनला ३५ झालं की दुकान रिकामं करायला लागायचं. इशारा ४० ला येतो, तोवर आमचं निम्मं काम झालेलं असायला पाहिजे.

टेम्पोवाल्याशी आणि गोडाऊनचं मे मध्येच बोलून ठेवायचं, ऐन वेळी टेम्पो मिळत नाही आणि मिळाला तर भाडं तिप्पट. घरचं वेगळं, आईची औषधं आणि कागदपत्रं एका झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, मेन स्विच बंद, सिलेंडर खिडकीच्या गजाला साखळीनं बांधायचा कारण रिकामा सिलेंडर पाण्यावर तरंगत जातो, आणि आईला सगळ्यात आधी विश्रामबागला मावशीकडं. बोळातल्या ग्रुपवर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी केली आणि प्रत्येकासमोर कोण न्यायला जाणार त्याचं नाव लिहिलं.

जुलै २०२१ ला परीक्षा झाली. महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाल्याची बातमी आली, आणि धरणातनं सोडलेलं पाणी सांगलीत यायला दिवसभर तरी लागतो, पण हा पाऊस धरणाच्या खालीही पडत होता, त्यामुळं तेवढा वेळ मिळणार नाही हे लक्षात आलं. पहाटे ३५ चा मेसेज आला आणि आम्ही उठलो. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, अजून इशारा पण नाही की." मी म्हटलं चल, ठरलंय ते ठरलंय. दुपारपर्यंत दुकान मोकळं. पाणी ५४ च्या वर गेलं, दुकानात आठ फूट चढलं, भिंती आणि लाकडी काउंटर गेला, पण माल एक वहीसुद्धा भिजली नाही. साफ करून चौथ्या दिवशी दुकान उघडलं, २०१९ ला त्यालाच महिना गेला होता.

काकांचं मात्र परत गेलं. ते म्हणत होते आपण एकाच बोळात, तुझं निघालं की माझंही काढतो, आणि मी गडबडीत त्यांना हाक मारायला उशीर केला, त्याचं वाईट वाटतंय. पुढच्या मे मध्ये गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब आणली, माझ्या उंबऱ्यापासून त्यांच्या उंबऱ्यापर्यंत धरली, आणि त्यांचा उंबरा माझ्यापेक्षा दीड फूट खाली निघाला. एवढी वर्षं दोघांनाही माहीत नव्हतं. त्यांचा फूट आम्ही ३३ धरला, आणि काकांनी तो स्वतः ऑइल पेंटनं शटरच्या आतल्या बाजूला लिहिलाय.