दोन लाइन, एक सर्व्हर आणि रिबूटनंतर हरवणारा रस्ता

आमच्या ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरला इंटरनेटच्या दोन लाइन आहेत. पहिलीवर रोजचं काम चालतं. दुसरी शाखेतल्या लोकांना बाहेरून आत येता यावं म्हणून घेतली. दुसऱ्या लाइनवरून आलेल्याला उत्तरही तिथूनच जायला हवं. ते पहिल्या लाइनवरून निघालं तर तिथली कंपनी परका पत्ता बघून पाकीट (डेटाचा तुकडा) टाकून देते. म्हणून मी राउटिंगचं, म्हणजे पाकिटानं कुठल्या वाटेनं जायचं याचं, वेगळं टेबल केलं, क्रमांक २००. त्यात दुसऱ्या लाइनचा डीफॉल्ट रूट (वेगळी वाट सांगितली नसेल तेव्हाची वाट) घातला आणि 'आयपी रूल'नं नियम लावला की त्या लाइनच्या पत्त्यावरून निघणारं सगळं टेबल २०० बघून जाईल. दहा मिनिटांचं काम.

'आयपी' कमांडनं घातलेलं फक्त कर्नलच्या (सिस्टमच्या गाभ्याच्या) मेमरीत राहतं, डिस्कवर काही लिहिलं जात नाही. म्हणून त्याच दोन ओळींची स्क्रिप्ट करून ती क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) 'ॲट रिबूट'ला लावली, सुरुवातीला ३० सेकंद थांबायला सांगून. रिबूट करून पाहिलं. टिकलं.

पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, यूपीएस उतरला. सकाळी साडेनऊला शाखेतल्या ताईंचा फोन, "दादा, आत जाताच येत नाहीये हो."

'आयपी रूल शो' दिलं तर नियम जागच्या जागी. मग तासभर फायरवॉल तपासत बसलो. शेवटी 'आयपी रूट शो टेबल २००' दिलं आणि खाली एकही ओळ आली नाही. वीज आल्यावर सर्व्हर आणि लाइनचा राउटर एकदमच चालू झाले होते, पण राउटरला उठायला मिनिटाहून जास्त लागतं. तोवर नेटवर्क कार्डाला लिंक नाही, पत्ता नाही, त्यामुळे रूट घातलाच गेला नाही. नियमाला मात्र कार्ड लागत नाही, तो बसला. टेबल रिकामं असलं तरी कर्नल तक्रार करत नाही. पुढच्या नियमावर जातो, म्हणजे नेहमीच्या मेन टेबलावर. उत्तरं गुपचूप पहिल्या लाइनवरून जात होती.

मग स्क्रिप्टमध्ये कार्डाला पत्ता लागेपर्यंत थांबायची अट घातली. काही आठवडे बरे गेले. पुन्हा एका सकाळी तोच फोन, आणि या वेळी सर्व्हर बंदही पडला नव्हता. आता नियमच गायब! शून्य, ३२७६६ आणि ३२७६७ क्रमांकाचे मुळातले तेवढे शिल्लक. लॉगमध्ये दिसलं की पहाटे आपोआप झालेल्या अपडेटनं सिस्टमडी-नेटवर्कडी (नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट केलं होतं. आमच्याकडे उबुंटू २२.०४ आहे. तिथे नेटवर्कडी सुरू होताना स्वतः न लावलेले नियम आणि रूट काढून टाकतं. हे वागणं बंद करता येतं, पण मला ते पटलं नाही. नेटवर्क ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच नियम सांगायला हवेत.

ते सांगायची जागा म्हणजे नेटप्लॅनची (उबुंटूत नेटवर्कची रचना लिहायची) फाइल. दुसऱ्या कार्डाखाली 'रूट्स'मध्ये दोन नोंदी केल्या: डीफॉल्ट रूट, आणि त्या लाइनचं स्वतःचं सबनेट (तिथल्या शेजारच्या पत्त्यांचा गट) 'स्कोप लिंक' (म्हणजे थेट जोडलेलं) देऊन, दोन्ही टेबल २०० मध्ये. सबनेटची नोंद विसरू नका, नाहीतर शेजारच्या मशीनकडे जाणारं पाकीटही गेटवेतून, म्हणजे राउटरमधून, वळसा घेऊन जातं. खाली 'राउटिंग-पॉलिसी'मध्ये पत्ता, टेबल आणि प्राधान्य १००. फाइलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच द्यायच्या. जुनी क्रॉनची ओळ आधी काढली, कारण ती असताना नियम कोणी लावला ते कळलंच नसतं.

लागू करताना 'नेटप्लॅन ट्राय' वापरलं. १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर ते आधीची रचना परत आणतं. लांबून काम करताना याचा फार आधार वाटतो.

नंतर नेटवर्कडी रीस्टार्ट केलं, सर्व्हर रिबूट केला, दुसऱ्या लाइनची केबल काढून परत लावली. शेवटी राउटर आणि सर्व्हर दोन्हींची वीज एकदम बंद करून चालू केली. प्रत्येक वेळी नियम आणि टेबल दोन्ही पाहिले, दोन्ही जागेवर होते. तरी ताईंना फोन लावला आणि त्यांनी लॉगिन करून "आलं" म्हणेपर्यंत ठेवला नाही.