धावदोरा

आईचं उषा कंपनीचं शिलाईचं पायमशिन आमच्याकडे वीसेक वर्षं टेबल म्हणूनच नांदलं. त्याच्यावर आधी लँडलाईन होता, मग वायफायचा डबा, औषधांची पिशवी, न टाकलेल्या लग्नपत्रिका. बँकेतून रिटायर झालो आणि दुसऱ्याच आठवड्यात हिने सांगितलं, "अहो, पेपर पाठ होईल आता, उशांचे अभ्रे उसवलेत ते तरी टेलरकडे टाकून या." टेलर म्हणाला, असली किरकोळ कामं नाही घेत काका. नवीन पडदे शिवून द्यायला तयार होता, उसवलेली टीप घालून द्यायला नाही. घरी आलो आणि तिरीमिरीत मशिनवरचा पसारा खाली काढला.

मग रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो, पट्टा, तेल, सुया आणायला. दुकानदाराने विचारलं, कितीची सुई? म्हटलं, म्हणजे? तेव्हा कळलं की साध्या सुती कापडाला १४ नंबर चालते आणि जाडसर असलं की १६ घ्यायची. त्याने दोन्ही दिल्या, वर म्हणाला, बायकोला विचारून यायचं ना! मी काही बोललो नाही, पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

पहिला आठवडा नुसता दोरा तुटत होता नाहीतर कापडाखाली गुंता होत होता. वरचा दोरा फार ताणला की खालचा, बॉबिनचा दोरा वर दिसायला लागतो, फार सैल सोडला की खाली जाळं, दोघांची गाठ बरोबर कापडाच्या मध्ये बसली पाहिजे, आणि हे जमायला स्क्रू पाव पाव फेरा फिरवत बसावं लागतं. बँकेत संध्याकाळी हिशोब टॅली झाला की विषय संपायचा, माझी अभ्र्याची वाकडी टीप मात्र रोज रात्री गालाला लागते. तरी काढली नाही, राहू दे म्हटलं, पहिली आहे.

थंडीत मशिन सकाळी जड चालतं, तेल घट्ट होतं. गुडघ्यांचंही तसंच, म्हणून आधी टेकडी मग मशिन असा क्रम लागलाय. कोथरूडवरून वेताळ टेकडीवर जातो. उन्हाळ्यात साडेपाचला निघणारे सगळे जानेवारीत सातला निघतात कारण सूर्यच सात वाजून गेल्यावर उगवतो. गंमत बघा, २२ डिसेंबरपासून दिवस मोठा होतो म्हणतात, पण सकाळ संक्रांतीपर्यंत उशिराच होत राहते, वाढ सगळी संध्याकाळकडे जमा. कानटोपीतून एकमेकांना ओळखणं अवघड, त्यामुळे मी सगळ्यांनाच नमस्कार करतो. गिरिपुष्पाची पानं गळून फांद्यांना फिकट गुलाबी फुलं येतात त्या दिवसांत, गवत वाळून सोनेरी होतं, कधी मोर ओरडतो, आणि खाणीपाशी पाच मिनिटं टेकलं की चहाची आठवण व्हायला लागते.

पण खरी वसुली त्या गवताचीच. कुसळं! पायजम्यात, मोज्यात, स्वेटरच्या बाहीत. एकदा भिंग घेऊन बघितलं, पुढे सुईसारखं टोक, मागे पीळ पडलेली शेपटी. दवाने ओलसर झालं की तो पीळ फिरतो आणि टोक आत आत शिरतं, म्हणजे टेकडीने माझ्या पायजम्यावर स्वतःची शिलाई चालवलेली. घरी येऊन गॅलरीत उन्हात एकेक उपटत बसतो, त्यातच अर्धा तास जातो, आणि मला त्याची घाई नसते.

सध्या गोधडी घेतलीय. आईची दोन नऊवारी बाहेरून, आत हिच्या जुन्या कॉटनच्या साड्या. एवढी जाडी मशिनच्या पायाखाली सरकेना म्हणून हातानेच. कडेपासून सुरू करून चौकोनात आत आत यायचं. टाक्याचं नाव धावदोरा, पण धावायला गेलात की टाके लांब पडतात आणि कापड गोळा होतं. एका नऊवारीला पदराजवळ आईने रफू केलेलं आहे, इतकं बारीक की बोटाला लागतं पण डोळ्याला दिसत नाही. तिथे पोचलो तेव्हा त्या रफूवरून टाका घालवेना, वळसा घालून गेलो. रेघ तिथे जरा फुगलीय.

मधला चौकोन अजून बाकी आहे, यंदाची थंडी काही सापडत नाही. परवा मात्र चांगलाच गारठा पडला. ही अर्धवट गोधडीच अंगावर ओढून झोपली, आणि सकाळी चहा ओतताना म्हणाली, "छान ऊब आहे हो. तेवढी सुई काढून ठेवत जा रात्री."