जवारी बाराव्या फ्रेटपर्यंत उघडली!

मंडळी, गिटारवर सतारीची घोडी (तारा टेकतात ती पट्टी) बसवून इलेक्ट्रिक सतार करतोय. काल रात्री साडेअकराला पहिल्या तारेवर बारावा फ्रेट (पडदा) दाबला आणि ती सतारीसारखी बोलली. तार घोडीवर घासून उठणारा हा झणकार म्हणजेच जवारी. ॲम्प बंद होता, तरी झणकार खोलीभर ऐकू आला. तीन आठवडे याच एका सुरासाठी घोडी घासतोय.

मागच्या नोंदीत हाडाची घोडी सपाट करून बसवली होती. खुली तार छान बोलायची, पाचव्या फ्रेटपर्यंत ठीक, सातव्यापासून आवाज बंद होत जायचा आणि बाराव्यावर नुसती गिटार. आधी पिकअपचं (तारेचं कंपन टिपणाऱ्या भागाचं) चुंबक तार ओढतंय असं वाटलं. पिकअप खाली केला, फरक शून्य. मग घोडीवर काळं मार्कर फासलं, बाराव्या फ्रेटवर दाबून पंधरा-वीस वेळा तार छेडली आणि टॉर्च मारला. शाई फक्त पुढच्या कडेवर केसाएवढ्या रेषेत उडाली होती. म्हणजे तार तिथेच अडत होती, घोडीवर घासतच नव्हती.

कागदावर हिशेब मांडला. तारेची वाजणारी लांबी (स्केल) ६४८ मिलिमीटर, घोडीपाशी तार फ्रेट्सच्या पातळीपेक्षा ४ मिलिमीटर वर. बाराव्यावर दाबली की तार खुल्या तारेपेक्षा जेमतेम एक तृतीयांश अंश जास्त तिरकी होते. १० मिलिमीटर रुंद घोडीवर हे ०.०६ मिलिमीटर भरतं, झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीहून कमी! तेवढा उतार पुढे हवा, आणि तोही एकदम नाही, वळत वळत.

मिरजेच्या एका सतारमेकर काकांना फोन केला तेव्हा तेही हेच म्हणाले, "तार घोडीला चाटत गेली पाहिजे. पुढे उतार द्या, पण डोळ्याला दिसला तर जास्त झाला समजा."

मग पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेला १५०० नंबरचा वॉटर पेपर बोटाभोवती गुंडाळला. चार हात मारायचे, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा मार्कर. मंगळवारी जास्त घासलं गेलं. आवाज पसरट झाला, सूर टिकेना. पुन्हा सपाट करून पहिल्यापासून सुरुवात. काल नवव्या खेपेला जमलं. शाई आता पुढच्या चार मिलिमीटरवर हळूहळू विरत जाते. सातव्यावरून तार ओढून दोन सुरांची मींड घेतली तरी झणकार तुटत नाही. ती मींड मी कितीदा ओढली असेल, मोजलं नाही.

इंटोनेशन (वरच्या फ्रेट्सवरचा सुरेलपणा) अजून थोडं चढं आहे. १९६७ च्या कोरल इलेक्ट्रिक सतारीवरही एकच सलग घोडी, तारेगणिक वेगळी सरकवता येणारी सॅडल नाही, त्यामुळे ही तडजोड करावीच लागणार.

खरी अडचण चौथ्या तारेची. तिच्यावर गुंडाळलेल्या तारेचं वेटोळं कानशीसारखं हाड खातंय, दोन संध्याकाळींत खाच पडली. शिवाय ऑनलाइन मागवलेलं हे हाड मधोमध सच्छिद्र निघालं. हाड दुकानात हातात घेऊन, उजेडात धरूनच घ्यावं. पुढची घोडी डेलरिनची (एक कडक प्लास्टिक) करायची ठरवलं होतं, सतारीवर हल्ली सर्रास असते.

पण हे लिहिता लिहिता वाटतंय, वेटोळ्याच्या तारा हव्यातच कशाला? सतारीवर चिकारी (मधूनमधून छेडायच्या उंच सुराच्या बारीक तारा) वादकाच्या बाजूला, वरच असते. मग पाचवी-सहावी काढून तिथे बारीक प्लेन तारा लावतो. चौथ्या जागी जोडीची ब्राँझची तार. ती चुंबकी पिकअपला नीट ऐकू येणार नाही, पण पुण्याच्याच तपकीर गल्लीतून आणलेली २७ मिलिमीटरची पिझो चकती (कंपनाचा विद्युत संकेत करणारी) घोडीखाली चिकटवलेलीच आहे. तिला टीएल०७२ या चिपचा बफर दिल्यापासून खर्जही भरून येतोय.

म्हणजे डेलरिन थांबलं, आज नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) आधी. सहाव्या तारेची खाच बारीक तारेला फार रुंद आहे, ती हाडाचा भुसा आणि सुपरग्लूने भरतोय. चिकारीला ०.००९ इंची लावू की ०.०१०? कुणी लावून पाहिली असेल तर तार किती दिवस टिकली तेही सांगा.